फोंतेन्हासची दुकाने आणि घरावरची अर्धी मालकी

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत फोटो निघतात ते पिवळ्या-निळ्या भिंतींचे. गल्ल्यावर बसलेली बाई त्यात क्वचितच येते. पण इथली कितीतरी दुकाने, खाणावळी, पाहुण्यांच्या खोल्या बायकाच चालवतात आणि बऱ्याचदा राहत्या घरातच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बाग होती. ती लावली मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकैरा याने. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि वस्ती दाट होत गेली. मुख्य रस्त्याच्या नावातली 31 जानेवारी ही तारीख 1891 च्या, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या प्रजासत्ताकवादी उठावाची. गाइड ती पोर्तुगालच्या स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याला जोडतात; ते स्वातंत्र्य 1 डिसेंबर 1640 चे.

या दुकानांचे मूळ मात्र घराच्या मालकीत शोधावे लागते. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 मध्ये गोव्यात लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाई आणि निम्मी तिची. तिच्या संमतीशिवाय घर विकता येत नसे. वारशात मुलगी मुलाच्या बरोबरीची. हिंदूंसाठी 1880 च्या हुकुमाने काही रूढी वेगळ्या राखल्या, त्यामुळे चित्र सगळीकडे सारखे नव्हते. शिवाय कारभार कायद्याने नवऱ्याकडेच. तो नसेल तरच तिच्याकडे. पण गोव्यातले नवरे घरी असायचे कुठे? मुंबई, आफ्रिका, बोटीवरची नोकरी, पुढे आखात. कागदावरचा तो अपवाद कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालला.

धंद्याचे कसब स्वयंपाकघरातच होते. थरावर थर भाजत करायची बेबिंका, दोदोल, पेराद हे गोडाचे पदार्थ लग्नाला, नाताळाला ऑर्डरीवर करून देणाऱ्या बायका होत्याच. 1961 नंतर हळूहळू पर्यटक वाढले, तसे पुढच्या खोलीचे दार रस्त्याकडे उघडले. भांडवल म्हणून घर होते, भाडे नव्हते. माझ्या मते सरकारी योजनांपेक्षा या एका गोष्टीने जास्त काम केले.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही याच गल्ल्यांत दिसते. घर सगळ्या वारसांचे. एक लिस्बनला, एक लंडनला. विकायला सगळ्यांच्या सह्या हव्यात, वाटणीसाठी कोर्टात ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटे पाडण्याची प्रक्रिया. तोवर गजबजलेल्या दुकानाला लागूनच एखादे घर कुलूप लावून पडलेले असते.