सरासरीआड दडलेले चढउतार : वाढते वय आणि मेंदूचे सातत्य

वय वाढले की माणूस विचार करायला अधिक वेळ घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ढोबळमानाने ते खरेही आहे. मात्र हे विधान सरासरीविषयीचे आहे, आणि सरासरी काढताना एक महत्त्वाची माहिती हातून निसटते. समजा, पडद्यावर अंक उमटताच त्याच अंकाचे बटण दाबायचे, अशी चाचणी दोघांनी पन्नास वेळा दिली आणि दोघांचाही सरासरी प्रतिक्रियाकाळ 600 मिलिसेकंद भरला. एकाच्या बहुतेक प्रतिक्रिया 560 ते 640 च्या दरम्यान आहेत. दुसऱ्याच्या काही 450 मध्ये झाल्या, तर काहींना हजाराहून अधिक मिलिसेकंद लागले. सरासरीच्या लेखी हे दोघे सारखेच ठरतात. त्यांच्या मेंदूंचे काम मात्र सारख्या रीतीने चाललेले नाही. एकाच व्यक्तीच्या कामगिरीत काही सेकंदांच्या अंतराने पडणारा हा फरक वयानुसार कसा बदलतो, हा गेल्या काही दशकांत गांभीर्याने अभ्यासला गेलेला प्रश्न आहे.

त्याचे मूळ मात्र जुने आहे. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी 1926 मध्येच नोंदवले होते की, प्रतिसादातील विसंगती हे मेंदूच्या बाह्यपटलाला झालेल्या इजेचे एक ठळक लक्षण आहे. आत्ता जमलेली गोष्ट थोड्या वेळाने जमत नाही आणि पुन्हा जमते. तरीही पुढे दीर्घकाळ संशोधक या चढउतारांकडे मोजमापातील त्रुटी म्हणूनच पाहत राहिले.

ब्रिटनमधील 7,130 प्रौढांच्या प्रतिक्रियाकाळाचे जेफ डेर आणि इयन डिअरी यांनी केलेले विश्लेषण 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. एकच बटण दाबण्याच्या सोप्या चाचणीत पन्नाशीपर्यंत फारसा फरक दिसत नाही, त्यानंतर वेग घटतो आणि चढउतार वाढतात. अनेक बटणांतून योग्य ते निवडायचे असेल, तर हा बदल तरुणपणापासूनच हळूहळू सुरू झालेला असतो. येथे एक सावधगिरी आवश्यक असते. वेळ जास्त लागू लागला की चढउतारांचा आकडा आपोआपच फुगतो, म्हणून सरासरीचा परिणाम वजा करून उरलेला फरक पाहावा लागतो. तसे केल्यावरही वयाचा परिणाम सहसा शिल्लक राहतो.

त्याचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. उतारवयातील प्रतिक्रिया सरसकट सारख्याच प्रमाणात लांबत नाहीत. बहुतांश नेहमीच्या टप्प्यात राहतात आणि मधूनच एखादी फार लांबते. लक्ष क्षणभर सुटल्याच्या या खुणा असाव्यात, असे बरेच संशोधक मानतात. हाती घेतलेल्या कामावर लक्ष टिकवून धरण्यात कपाळामागील अग्रखंडाचा मोठा वाटा असतो, आणि त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्येही असेच चढउतार आढळतात. शु-चेन ली आणि उल्मन लिंडेनबर्गर यांनी डोपामाइन या रसायनाच्या आधारे स्पष्टीकरण मांडले. वयानुसार डोपामाइनची यंत्रणा क्षीण होत जाते. परिणामी चेतापेशींना महत्त्वाचा संदेश आणि भोवतीचा गोंगाट यांत स्पष्ट भेद करता येत नाही आणि तीच सूचना दर वेळी थोड्या वेगळ्या रीतीने हाताळली जाते. मेंदूचे दूरचे भाग जोडणाऱ्या श्वेतद्रव्याची झीज हेही एक कारण मानले जाते.

हे चढउतार वैद्यकीयदृष्ट्या का महत्त्वाचे आहेत, हे कॅनडातील डेव्हिड हल्ट्श आणि सहकाऱ्यांच्या 2000 मधील अभ्यासातून दिसले. त्यांनी सौम्य स्मृतिभ्रंश असलेले, संधिवाताने त्रस्त आणि निरोगी अशा तीन गटांतील वृद्धांची तुलना केली. संधिवाताच्या वेदना सोसणारे लोक सातत्याच्या बाबतीत निरोगी लोकांसारखेच होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत मात्र चढउतार लक्षणीयरीत्या अधिक होते. म्हणजे त्यांचा संबंध शरीराच्या कुठल्याही दुखण्याशी नसून मेंदूच्या स्थितीशी असल्याचे सूचित झाले. असे असले, तरी एखाद्या व्यक्तीचे निदान केवळ या आकड्यावरून करणे योग्य नाही. झोप, थकवा, औषधे आणि चाचणीचा सराव यांचाही त्यावर परिणाम होतो.

येथवरचे चित्र एकतर्फी घसरणीचे वाटेल, पण मोजण्याचा कालावधी बदलला की चित्रही बदलते, आणि मला या संशोधनाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील ‘कोगिटो’ प्रकल्पात 20 ते 31 वर्षांच्या 101 आणि 65 ते 80 वर्षांच्या 103 व्यक्तींनी सुमारे शंभर दिवस आकलनवेग, स्मृती आणि कार्यस्मृती (माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) यांच्या चाचण्या दिल्या. फ्लोरियन श्मीडेक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्यांतील दिवसागणिक होणारे बदल वेगळे काढून तपासले, तेव्हा नऊही चाचण्यांत ज्येष्ठ मंडळी तरुणांपेक्षा अधिक स्थिर आढळली. शिकून अंगवळणी पडलेल्या पद्धती, टिकून राहणारी उमेद, नियमित दिनक्रम आणि स्थिर मनःस्थिती यांचा तो परिणाम असावा, असे संशोधकांचे मत आहे. ‘आज दिवसच वाईट आहे’ असे आपण म्हणतो, त्यातील बराचसा फरक प्रत्यक्षात काही क्षणांपुरता असतो, हेही याच विश्लेषणातून पुढे आले.

कामाच्या ठिकाणी क्षणाक्षणाचे आणि दिवसागणिकचे यांपैकी कोणते सातत्य अधिक उपयोगी पडते, याचा एक पुरावा जर्मनीतूनच मिळतो. ट्रक जुळणीच्या एका कारखान्यातील चुकांच्या नोंदी आक्सेल ब्योर्श-झुपान आणि मातिआस वाइस यांनी तपासल्या, तेव्हा वयस्क कामगारांच्या हातून किरकोळ चुका थोड्या अधिक होत असल्या, तरी महागात पडणाऱ्या गंभीर चुका क्वचितच घडत असल्याचे त्यांना आढळले.