गवती छपराचं ‘लिस्टेड’ घर: परवानगीचा अर्ज कुठे अडकतो

‘छप्परच तर शाकारायचंय, त्याला कसली परवानगी?’ इंग्लंडमध्ये जुनं गवती घर घेतलेला माणूस इथेच अडकतो. कोकणात मिरगाआधी शाकारणी करताना कुणी कागद मागत नाही. इंग्लंडमध्ये मात्र घर ‘लिस्टेड’ म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत असेल आणि त्याचं रूप बदलणारं काम ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ या खास परवानगीशिवाय केलं, तर १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरतो.

घर लिस्टेड आहे का, ते ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’मध्ये फुकट बघता येतं. तिथल्या वर्णनात जिना नाही म्हणून जिना तोडू नका. यादीतली सगळ्यात खालची श्रेणी, म्हणजे ग्रेड टू, असली तरी संरक्षण सहसा आतबाहेर सगळ्या घराला असतं.

जसं होतं तसंच दुरुस्त केलं, तर सहसा परवानगी लागत नाही. सगळा घोळ या ‘तसंच’मध्ये आहे. गवत तीन प्रकारचं: लाँग स्ट्रॉ आणि कोम्ब्ड व्हीट रीड हे दोन्ही गव्हाचे, तर वॉटर रीड म्हणजे पाणथळीतला बोरू. बोरू जास्त टिकतो म्हणून लोक तोच मागतात. पण लाँग स्ट्रॉचं गुबगुबीत छप्पर आणि बोरूचं रेखीव, ताठ छप्पर लांबूनही वेगळं दिसतं, त्यामुळे हा बदल केलात की अर्ज आला. साध्या आढ्याच्या जागी नक्षीदार आढं बसवलंत, तरी तेच.

आता कुणाकडेच नसलेला कागद: आधी छपरावर काय होतं, त्याचा पुरावा. विकणाऱ्याकडे तो नसतो आणि सर्व्हेअर ‘गवती छप्पर’ एवढंच लिहून मोकळा होतो. तेव्हा टॉर्च घेऊन माळ्यावर चढा, तळच्या थराचे फोटो काढा आणि शाकारणाऱ्याकडून गवताचा प्रकार लेखी घ्या. तळचं गवत काजळीने काळं असेल तर त्याला हात लावू नका. घरांना धुरांडी नव्हती तेव्हा उघड्या चुलीच्या धुराने ते काळं झालेलं असतं, आणि डेव्हनमध्ये असे मध्ययुगीन थर आजही सापडतात. कोटेशनमध्ये ‘सगळं उतरवून वाशांपासून नवीन’ असं दिसलं, तर सही करण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा.

अर्जासोबत नकाशे, ड्रॉइंग, हेरिटेज स्टेटमेंट (घराचं ऐतिहासिक महत्त्व आणि कामाचा त्यावरचा परिणाम सांगणारं टिपण) हे नेहमीचंच. फी नाही. मालकीच्या प्रमाणपत्रात मात्र हमखास चूक होते: घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आणि अर्ज एकट्याचा, मग ‘मी एकटाच मालक’ हा पर्याय चालत नाही. दुसऱ्याला रीतसर नोटीस द्यावी लागते, भले तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असो!

निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत अर्ज पाठवल्यापासून नव्हे, कौन्सिलने तो ग्राह्य धरल्यापासून मोजतात. त्यात छपरात राहणारी वटवाघळं, ज्यांना कायद्याचं संरक्षण आहे. संध्याकाळी ती बाहेर पडतात का, हे बघणारा सर्व्हे साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होतो. ऑक्टोबरात जागे झालात, तर पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत बसून राहा.

‘दहा वर्षं झाली की कुणी विचारत नाही’ हा सल्ला ऐकू नका. लिस्टेड घराच्या बाबतीत कारवाईला कालमर्यादा नाही, आणि आधीच्या मालकाने केलेला बदल पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या हातात पडू शकते. म्हणून घर घेण्याआधीच, छप्पर शेवटचं कधी, कशाने शाकारलं आणि त्याची परवानगी कुठे आहे, हे सॉलिसिटरमार्फत, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलामार्फत, लेखी विचारून घ्या.