आयपी पत्त्यातलं आगाऊ शून्य आणि 'स्लॉपी' पार्सर कुठून आला

गो ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत आयपी पत्ता वाचायला (पार्स करायला) पार्सआयपी हे फंक्शन आहे, पण कुबरनेटीज (सर्व्हरच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) ह्याच्या कोडमध्ये ते थेट वापरायला २०२१ पासून बंदी. कुणी वापरलं तर सीआय ह्या कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतली एक स्क्रिप्ट पकडते आणि सांगते की युटिल्स लायब्ररीतलं पार्सआयपीस्लॉपी वापरा. म्हणजे कडक फंक्शन नको, गबाळं हवं. नवीन माणसाला हे उलटंच वाटतं.

भानगड जुनी आहे. १९८१ च्या आरएफसी ७९० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नेटवर्क नंबरांची यादी छापलीय, तिथे आकडे तीन-तीन अंकी लिहिलेत, अर्पानेटचा (इंटरनेटच्या आधीचं मूळ नेटवर्क) नंबर ०१०, आणि तो सरळ दहाच होता. दोनच वर्षांनी ४.२ बीएसडी ही युनिक्स प्रणाली आली आणि त्यातल्या पत्ता वाचणाऱ्या फंक्शनने सी भाषेचा नियम लावला, आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की तो ऑक्टल, म्हणजे अष्टमान. मग ०१०.८.८.८ चं झालं ८.८.८.८. १२७.१ एवढंच लिहिलं तरी १२७.०.०.१ धरायचं, हेक्स (सोळामान) पण चालायचं. ह्यावर कुठे बसून चर्चा झाली असं काही नाही, कोड आला आणि तोच नियम झाला. ग्लिबसी ह्या सी लायब्ररीमार्फत लिनक्सवर हा ढिलेपणा आजही आहे, पिंग करून बघा. नंतर १९९७ ला आयपीव्ही६ च्या निमित्ताने नवीन फंक्शन आलं, चारच आकडे, दशमानच. २००५ च्या आरएफसी ३९८६ च्या व्याकरणात आगाऊ (आकड्याच्या सुरुवातीच्या) शून्याला जागाच नाही, पण ब्राउजर जे यूआरएल स्टँडर्ड पाळतात त्यात बीएसडीचा जुना खेळ जसाच्या तसा ठेवलाय. थोडक्यात एकाच स्ट्रिंगचे दोन अर्थ, दोन्ही 'बरोबर', आणि वीसेक वर्षं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये लक्ष गेलं. एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) नेटमास्क नावाचं छोटंसं पॅकेज, अडीच लाखांहून जास्त रिपो त्यावर अवलंबून, ते ०१७७.०.०.१ ला १७७.०.०.१ समजत होतं म्हणजे बाहेरचा पत्ता, सोडून द्या आत. प्रत्यक्ष कनेक्शन करणारा खालचा कोड मात्र ऑक्टल वाचून १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर जाणार. तपासणारा एक वाचतो आणि जाणारा दुसरं वाचतो, एवढंच ते भोक. त्यानंतर काही महिने ह्याच प्रकारच्या सीव्हीई (नोंदवलेल्या सुरक्षा-त्रुटी) येतच राहिल्या: पर्लची मॉड्युल्स, पायथन, रस्ट, गो.

पायथनचं तर मजेशीर आहे. आधी तिथे शंकास्पद शून्य असलेला आकडा नाकारला जायचा, २०१९ ला ३.८ मध्ये ती अट काढून टाकली कारण ती अर्धवट वाटत होती, आणि दोन वर्षांत ३.९.५ ला पुन्हा नाकारायला लागले, ह्यावेळी सगळीच आगाऊ शून्यं. रस्टने १.५३ मध्ये दार बंद केलं. गोने ऑगस्ट २०२१ च्या १.१७ मध्ये. गोच्या टेस्टच्या टेबलात १२७.००१.००२.००३ दिलं की १२७.१.२.३ मिळालं पाहिजे अशी ओळ होती, आता त्याच पत्त्याला अपेक्षित उत्तर निल (म्हणजे पत्ताच नाही) आहे. गोच्या रिलीज नोट्समध्ये मात्र एक शहाणपणाचं वाक्य होतं की तपासून झाल्यावर मूळ स्ट्रिंग पुढे पाठवू नका, पार्स केलेल्या पत्त्यापासून नवीन स्ट्रिंग बनवून ती पाठवा. माझ्या मते खरा इलाज हाच, कारण त्याने दोन पार्सरमधलं कुठलंही भांडण मिटतं, शून्याचंच नाही. पण सीव्हीई बंद करायला नाकारणं सोपं पडतं, त्यामुळे ते वाक्य मागेच राहिलं.

आता कुबरनेटीज. इथे पत्ता म्हणजे एटसीडी ह्या क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये आधीपासून पडून असलेला डेटा. समजा कुणी तीन वर्षांपूर्वी सर्व्हिसमध्ये आगाऊ शून्य घालून आयपी लिहिला, तेव्हा तो पास झाला. क्लस्टर अपग्रेड केलं, आतमध्ये गो १.१७, आणि आता त्याच ऑब्जेक्टचं नुसतं लेबल बदलायला गेलात तरी पूर्ण ऑब्जेक्टचं व्हॅलिडेशन होतं आणि आयपी चुकीचा म्हणून अपडेट फेल, यूजरने तर काहीच केलेलं नाही. म्हणून मेंटेनर लोकांनी गोचा १.१७ आधीचा पार्सर उचलून फोर्क केलेल्या फोल्डरमध्ये ठेवला आणि त्यावर पार्सआयपीस्लॉपी आणि (पत्त्यांच्या रेंजसाठी) पार्ससीआयडीआरस्लॉपी असे दोन दरवाजे लावले.

ह्यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हीत दम आहे. एक म्हणते की ज्ञात भोक असलेला कोड तुम्ही मुद्दाम कॉपी करून सांभाळताय, आणि वरून सीआयमध्ये सुरक्षित फंक्शनवर बंदी. दुसरी म्हणते की आमच्या एपीआयने जे एकदा स्वीकारलं ते भाषेच्या अपग्रेडमुळे मोडता येणार नाही, सुसंगती हा करार आहे. मला दुसरी जास्त पटते, पण अर्धीच. जुना डेटा वाचायला ढिला पार्सर ठेवणं ठीक, नवीन डेटा घ्यायलाही तोच कशाला? इथे वाचणं आणि स्वीकारणं एकाच फंक्शनवर टाकलं आणि नवीन ऑब्जेक्टमध्ये आगाऊ शून्य येत राहिलं. शिवाय हे पत्ते स्ट्रिंग म्हणूनच पुढे जातात, सीएनआय प्लगइन (नेटवर्क जोडणारे) वेगळ्यांचे, इंग्रेस कंट्रोलर (बाहेरची ट्रॅफिक आत घेणारे) वेगळ्यांचे, कुणी सीमध्ये लिहिलेला, कुणी गोच्या नवीन व्हर्जनवरचा, म्हणजे तपासणारा एक आणि वाचणारा दुसरा.

टेस्टनी पण हातभार लावला म्हणा. व्हॅलिडेशनच्या टेस्टमध्ये साधारण दोन याद्या असतात, चालणारे पत्ते आणि न चालणारे. शून्यवाले ना धड इकडचे ना तिकडचे, 'जुने असतील तर चालतात' हे सांगायचं तर टेस्टमध्ये आधीचा ऑब्जेक्ट आणि नंतरचा ऑब्जेक्ट दोन्ही लागतात.

पुढे तसंच केलं गेलं. २०२५ च्या १.३३ मध्ये कडक व्हॅलिडेशनचा फीचर गेट (चालू-बंद करायचा स्विच) आला, अल्फा म्हणून, तेव्हा बाय डिफॉल्ट बंद. नवीन पत्ता कडक नियमाने तपासायचा, आणि आधीच असलेला चुकीचा पत्ता अपडेटमध्ये जसाच्या तसा राहिला तर सोडून द्यायचा. हा मधला मार्ग २०२१ मध्येही सुचण्यासारखा होता. दरम्यान गोमध्ये १.१८ पासून नेटआयपी हे नवीन पॅकेज आहे, ते पण आगाऊ शून्य नाकारतं, त्यामुळे त्याच्यावर जायचं म्हटलं तरी साठवलेले पत्ते आधी स्लॉपीमधूनच काढावे लागतात.