बॅसिलस सेरियस (भातातील विषकारी जीवाणू)

बॅसिलस सेरियस हा मातीत राहणारा, दंडगोल आकाराचा, बीजाणू (उष्णता आणि कोरडेपणातही टिकणारी सुप्त रूपे) तयार करणारा जीवाणू आहे. शेतातल्या चिखलातून तो साळीला लागतो आणि भरडून निघालेल्या तांदळाबरोबर घरच्या डब्यात येतो. गहू, मका, डाळी, मसाले, दुधाची पावडर यांतही तो आढळतो. त्याचे असणे हे धान्य निकृष्ट असल्याचे लक्षण नाही. तांदूळ मुरबाड-शहापूरच्या शेतातला असो की वाशीच्या घाऊक बाजारातला, त्यात थोडेफार बीजाणू असू शकतात. तांदूळ धुतल्याने ते पूर्णपणे जात नाहीत. एवढ्या थोड्या बीजाणूंनी कोणी आजारीही पडत नाही.

ग्रेस आणि पर्सी फ्रँकलंड या ब्रिटिश दांपत्याने १८८७ मध्ये या जीवाणूचे वर्णन केले. गोठ्यातल्या हवेत तो त्यांना सापडला होता. अन्नविषबाधेशी त्याचा संबंध नॉर्वेच्या स्टायनार हाउगे यांनी स्पष्ट केला. ऑस्लोमध्ये व्हॅनिला सॉस खाऊन सुमारे ६०० जण आजारी पडले होते. हाउगे यांनी हा जीवाणू सॉसमध्ये वाढवला, तो सॉस स्वतः प्यायला आणि त्याचा परिणाम स्वतःवर अनुभवला. त्यांचे काम १९५५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. भाताकडे लक्ष गेले ते १९७० च्या दशकात, ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्यावर.

हा जीवाणू दोन प्रकारांनी आजारी पाडतो. एका प्रकारात तो पोटात गेल्यावर आतड्यात विषारी प्रथिने तयार करतो. त्यामुळे साधारण ८ ते १६ तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. ही प्रथिने उष्णतेने नष्ट होतात. दुसरा प्रकार भाताशी जास्त जोडलेला आहे. त्यात सेरुलाइड नावाचे विष अन्नातच, खाण्याआधी, तयार झालेले असते. खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. हे विष १२१ अंश सेल्सियसला ९० मिनिटे ठेवले तरी टिकते. घरातला प्रेशर कुकर पूर्ण दाबावर साधारण १२० अंशांपर्यंत जातो, तोही काही मिनिटेच. त्यामुळे ‘चांगला गरम करून खाल्ला की काही होत नाही’ ही घरोघरी ऐकू येणारी समजूत इथे लागू पडत नाही.

भात शिजताना जीवाणूच्या वाढत्या पेशी मरतात, बीजाणू मात्र तग धरतात. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात आणि भात कोमट झाला की रुजतात. शिजलेल्या भातात पाणी भरपूर, आंबटपणा नाही आणि स्पर्धा करणारे इतर जंतू मेलेले. तीस-पस्तीस अंशांच्या तापमानात या जीवाणूंची संख्या अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होते. मे-जूनमध्ये ठाणे, ऐरोली, नेरुळ इथली स्वयंपाकघरे रात्रीही याच तापमानाच्या जवळपास असतात. इथे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात सकाळी वासाला चांगला लागला, तरी तेवढ्यावर त्याची खात्री देता येत नाही. सेरुलाइडला वास नसतो.

स्टेशनाबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर हे सगळे नीट पाहायला मिळते. भात दुपारीच उकडून, पाणी निथळून, तेलाचा हात लावून ठेवतात, कारण गरम भात कढईत गोळा होतो आणि गार भाताचे शीत मोकळे राहते. संध्याकाळी मोठ्या आचेवर तो दोन-तीन मिनिटे परततात. गार भात वापरण्यात चूक नाही. तो मधले चार-पाच तास फ्रीजमध्ये होता की टेबलाखालच्या टोपात, यावर सगळे ठरते. घरचा फोडणीचा भात आणि सकाळी गरम भरून दुपारी एकला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात उघडलेला डबा यांनाही हेच लागू आहे.

सगळ्यात मोठी जोखीम मोठ्या टोपाची आहे. महाप्रसादाचा किंवा लग्नातला मसालेभात वरून गार दिसतो, पण टोपाच्या मध्यभागी तो कित्येक तास कोमट राहतो. म्हणून उरलेला भात टोपात झाकून न ठेवता परातीत किंवा ताटांत पातळ पसरावा, वाफ गेली की लहान डब्यांत भरावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ५ अंशांखाली ठेवावा. वाढण्यासाठी गरम ठेवायचा तर ६० अंशांच्या वर हवा. नुसता कोमट राखलेला भात सर्वांत वाईट.

आजार बहुधा एका दिवसात आटोपतो. विषामुळे होणाऱ्या उलट्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे, म्हणजे ओआरएस, हाच मुख्य उपचार. लहान मुले आणि वृद्ध यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. क्वचित सेरुलाइड यकृतावर घाला घालते. बेल्जियममध्ये २००८ साली पाच दिवस खोलीच्या तापमानाला राहिलेला पास्ता खाऊन एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. गुंगी येणे, डोळे पिवळे होणे किंवा उलट्या न थांबणे ही ताबडतोब रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

इडली आणि आंबोळीचे पीठ रात्रभर बाहेर राहूनही सहसा असा त्रास देत नाही, याचे कारण आंबटपणा. आंबवणारे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आंबटपणाचे माप, जितके कमी तितके आंबट) साधारण ४.५ च्या खाली गेला की बॅसिलस सेरियसची वाढ थांबत जाते. मात्र रात्रभर बाहेर राहिलेल्या भातावर सकाळी आंबट ताक ओतून आधीच तयार झालेले विष जात नाही. सेरुलाइड आम्लातही तसेच राहते, अगदी जठरातल्या आम्लातसुद्धा.