छिन्नमनस्कतेतील चेतासंधी-प्रथिनांचे बदल

छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत चेतापेशींच्या सांध्यांवरची काही प्रथिने सरासरीने कमी आढळतात. हा सांधा म्हणजे चेतासंधी किंवा सिनॅप्स. अल्झायमरमध्ये पेशी मोठ्या संख्येने मरतात, तसे इथे होत नाही. उलट कपाळामागच्या भागात पेशी नेहमीपेक्षा दाट बसलेल्या दिसल्या आहेत, कारण त्यांच्यामधले तंतू आणि जोडण्या विरळ झालेल्या असतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली आजाराला दिलेल्या नावाचा अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होतो. त्यावरून ‘एका माणसात दोन माणसे’ ही समजूत पसरली. ती चुकीची आहे, आणि रुग्णांना तिचा फार त्रास झाला आहे.

चेतासंधीच्या अलीकडे, निरोप धाडणाऱ्या पेशीच्या टोकाशी, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पुटिका असतात. सिनॅप्टोफायसिन हे प्रथिन त्यांच्या आवरणात असते, म्हणून त्याच्या प्रमाणावरून चेतासंधी किती असतील याचा अंदाज बांधतात. स्नॅप-२५, सिंटॅक्सिन आणि व्हॅम्प ही तीन प्रथिने एकमेकांना पीळ घालून पुटिकेला पेशीच्या पडद्याशी भिडवतात आणि रसायन बाहेर पडते. पलीकडच्या पेशीत पीएसडी-९५ हे प्रथिन ग्राहींना, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनांना, जागच्या जागी धरून ठेवते. त्यांतला एनएमडीए ग्राही विशेष महत्त्वाचा. केटामाइन हे भुलीचे औषध त्याला अडवते तेव्हा निरोगी माणसालाही काही काळ भास आणि विचारांचा गोंधळ होऊ शकतो.

मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. सिनॅप्टोफायसिनची घट हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात सर्वांत ठळक होती, कपाळामागच्या भागात त्याहून कमी, आणि दृष्टीशी संबंधित मागच्या भागात लक्षणीय नव्हती. कपाळामागे स्नॅप-२५ आणि पीएसडी-९५ यांच्यातही एकत्रित हिशेबाने फरक निघाला नाही. म्हणून ‘स्किझोफ्रेनियात सगळी चेतासंधी-प्रथिने घटतात’ हे विधान जसेच्या तसे घेऊ नये.

घट का होते, याचे आजचे मुख्य उत्तर नाशिकच्या माणसाला द्राक्षबागेवरून चटकन कळेल. एप्रिलात खरड छाटणी होते, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. काडी किती डोळ्यांवर कापायची यावर घड ठरतो; छाटलेच नाही तर बाग नुसती पानांनी माजते, आणि अंदाज चुकून जास्त कापले तर माल धरत नाही. मुलाच्या मेंदूतही गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतासंधी तयार होतात आणि किशोरवयात त्यांची छाटणी होते. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ साली मानवी मेंदूतल्या चेतासंधी मोजून हे दाखवले. ही छाटणी काहींच्या मेंदूत प्रमाणाबाहेर जात असावी, अशी कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ साली मांडली. आजार बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान का डोके वर काढतो, हेही त्यातून उलगडते. अर्थात बागेत कात्री माणसाच्या हातात असते. मेंदूत हे काम मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी करतात. कोणती जोडणी काढायची याची खूण करण्यात प्रतिकारशक्तीच्या सी-४ प्रथिनाचा वाटा असतो. त्याच्या जनुकाची जास्त सक्रिय रूपे असणाऱ्यांना आजाराचा धोका थोडा अधिक असतो, असे २०१६ साली दिसले. २०२२ साली मोठ्या जनुकीय अभ्यासात दहा जनुकांतले दुर्मिळ बिघाड धोका बराच वाढवतात असे आढळले. त्यांतली दोन जनुके थेट चेतासंधीवरच्या ग्राहींची आहेत.

हे सारे घरच्यांना कळणे मला फार गरजेचे वाटते. मुलगा कॉलेजात असताना अचानक एकटा राहू लागतो, कानात आवाज येतात म्हणतो, आणि नातेवाईक आईच्या लाडाला नाहीतर बाहेरच्या बाधेला बोल लावतात. औषधोपचारापर्यंत पोचेतो महिने, कधी वर्षे जातात. नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्या इथून निघतात. पण शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. फोनवर सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

जिवंत माणसाच्या मेंदूतली ही घट पेट स्कॅनने मोजता येते. पुटिकांवरच्या एसव्हीटूए या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य त्यासाठी शिरेतून देतात. लंडनमध्ये अठरा रुग्ण आणि अठरा निरोगी व्यक्तींवर ही तपासणी झाली, तिचा अहवाल २०२० साली आला आणि रुग्णांच्या कपाळामागच्या भागात घट दिसली. ती औषधांमुळे असेल का, ही शंका रास्त होती. उंदरांना हॅलोपेरिडॉल आणि ओलान्झापिन ही या आजारावरची औषधे देऊन पाहिले, तेव्हा एसव्हीटूए कमी झाले नाही. तरीही दोन गटांची सरासरी वेगळी असणे निराळे आणि एका रुग्णाचे निदान निराळे. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय त्या द्रव्यातला कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईत बनवून कसारा घाटातून तीन तासांत नाशिकला आणले, तरी जेमतेम पाचशेवा भाग उरेल. तेव्हा इथे काय, मुंबईत काय, आजाराचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी निवांत बोलूनच होते.