भोरड्या कुठे जातात?

फेब्रुवारी सरता सरता पळस पेटतो, पांगारा फुलतो आणि त्यावर मैनेच्या कुळातल्या भोरड्यांचा कलकलाट सुरू होतो. गुलाबी अंग, काळं डोकं आणि मधासाठी फुलात खुपसल्यामुळे परागांनी पिवळं झालेलं कपाळ. महिनाभरापूर्वी हीच भोरडी ज्वारीच्या कणसांवर तुटून पडत होती, आणि माळ्यावर राखणीला बसलेली माणसं गोफण फिरवून तिला हाकलत होती. एप्रिल सरेपर्यंत थवेच्या थवे नाहीसे होतात.

पक्षी दूरदेशी जातात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तले राजहंस मानसरोवराकडे निघतात, त्यांची हिमालयातली खिंडसुद्धा त्याने सांगितली आहे. पण अमुक एक पक्षी अमुक ठिकाणी पोचला, हे सिद्ध केलं ते एका कडीने. १८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हीबोर्गच्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक असलेली ॲल्युमिनियमची कडी अडकवली. भारतात हे काम १९२६ साली धारच्या पवार महाराजांनी बदकांपासून सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते हाती घेतलं. कडीवर मजकूर एवढाच, की सोसायटीला कळवा. परक्या मुलखातल्या कुणा अनोळखी शिकाऱ्याने ते वाचावं आणि पत्र टाकावं, या भरवशावर सगळा डोलारा उभा होता. मला या भरवशाचं फार अप्रूप वाटतं.

कामाला खरा वेग आला तो एका आजारामुळे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली. गोचिडांतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग तो पक्ष्यांबरोबर तर आला नसेल? या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि १९५९ पासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घालणं सुरू झालं. राजस्थानातल्या भरतपूरला कडी घातलेली बदकं पार सोव्हिएत मुलखात सापडली.

हे माहीत असलं की मार्चमधलं पाणथळ वेगळंच दिसतं. नोव्हेंबरात कुरव या पाणपक्ष्याचं डोकं पांढरं असतं, कानाशी फक्त एक काळा ठिपका. मार्चमध्ये तेच डोकं गडद तपकिरी होत जातं. पिवळा धोबी या लहानशा पक्ष्याचं पोट हळदीसारखं उजळतं, आणि हिवाळ्यात ओळखू न येणाऱ्या त्याच्या पोटजाती आता डोक्याच्या रंगावरून वेगळ्या काढता येतात. कुणाचं डोकं राखाडी, तर कुणाचं काळं. विणीचा हा साज चढतो तो तिकडच्या, घरटी करायच्या मुलखासाठी. आपल्या वाट्याला येतात निघण्याआधीचे थोडे दिवस.

आणि भोरडी? ती मध्य आशियातल्या गवताळ माळांवर जाते. चीनच्या शिंजियांगमध्ये तर तिने घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात, कारण तिथे ती टोळ फस्त करते.