द्वंद्वदृश्याचा स्कोअर वाचताना: पेडल कुठलं आणि ऑस्टिनाटो कुठला?

द्वंद्वाच्या दृश्यात खाली काहीतरी सारखं वाजत असतं, एवढं कोणालाही ऐकू येतं. त्या सारख्या वाजणाऱ्या गोष्टीला म्हणायचं काय, इथे घोळ होतो. नागपुरात कीबोर्ड किंवा व्हायोलिन शिकणारी, शॉर्टफिल्मला संगीत देऊ पाहणारी मुलं स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेला स्वरलिपीचा कागद, उघडतात आणि जे जे पुन्हा पुन्हा दिसतं त्याला सरसकट ऑस्टिनाटो म्हणून मोकळी होतात. त्यातलं बरंचसं पेडल असतं. दोघांची कामं वेगळी असतात, आणि दृश्यात ते कुठे येतात हेही सहसा ठरलेलं असतं. नाव चुकलं की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

पेडल म्हणजे एकच स्वर, बहुतेक वेळा सर्वांत खालचा, धरून ठेवलेला, आणि त्याच्यावर बदलत जाणारे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह. तो स्वर किती लांब आहे याला फारसं महत्त्व नाही. वरच्या कॉर्डशी त्याचं कधी पटतं आणि कधी पटत नाही, यात सगळी गंमत आहे. समजा डबल बेसने ई धरला. वर ई मायनर आला, तर सगळं जुळलं. वर एफ मेजर आला, तर ई आणि एफ अर्ध्या स्वराच्या अंतरावर एकमेकांना घासतात. मग डी मायनर, घासणं चालूच. पुन्हा ई मायनर, सुटका. खालचा स्वर जागचा हलला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येऊन गेला. कॉर्ड बदलतच नसतील तर त्या लांब स्वराला नुसता धरलेला स्वर म्हणावं. पेडल म्हणण्याची घाई नको.

ऑस्टिनाटो म्हणजे एक छोटी आकृती, लयीची, स्वरांची किंवा दोन्हींची, सहसा एक ते चार बारची (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक कप्पा), हट्टाने पुन्हा पुन्हा येणारी. चित्रपटांच्या स्कोअरमध्ये ती व्हायोला, दुसरे व्हायोलिन, चेलो किंवा स्नेअर ड्रमकडे असते. कॉर्ड बदलला की आकृती त्याच घडणीने वर-खाली सरकते, तेव्हा काही कडक मास्तर तिला ऑस्टिनाटो मानत नाहीत. चित्रपटसंगीतात इतका सोवळेपणा पाळून चालत नाही. घडण आणि लय तीच असेल तर तो ऑस्टिनाटोच धरावा.

ओळखायचा सर्वांत खात्रीचा उपाय: एक मात्रा काढून बघा. नऊ बार धरलेल्या पेडलमधून एक मात्रा कमी केली तर कोणाला पत्ताही लागत नाही. ऑस्टिनाटोमधून एक मात्रा काढली की संगीत लंगडतं आणि ताल धरून बसलेला माणूस दचकतो. पेडल वेळ ताणतं, ऑस्टिनाटो वेळ मोजतो. म्हणून दोघे एकमेकांना जोखत उभे असतात तिथे पेडल सापडतं, आणि हत्यारं चालू झाली की ऑस्टिनाटो. अपवाद भरपूर आहेत, पण स्कोअर उघडताना हीच अपेक्षा मनात ठेवून सुरुवात करावी.

आपल्याकडच्या कानाला या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत, पण त्या ओळखीमुळेच फसगतही होते. तानपुरा ऐकून वाढलेला माणूस पेडलला लगेच तानपुरा म्हणतो. साम्य अर्धंच आहे. तानपुऱ्याचा षड्ज गाणाऱ्याला आधार देतो आणि प्रत्येक स्वर त्याच्या तुलनेत लावला जातो. पेडलवरचे कॉर्ड मुद्दाम त्याच्याशी भांडायला आणलेले असतात. उलट बाजूने, तानपुऱ्याच्या चार तारा प-सा-सा-सा अशा एकामागून एक छेडल्या जातात, फेरी पुन्हा पुन्हा येते, म्हणून तो ऑस्टिनाटो ठरत नाही, कारण ती फेरी तालाच्या मात्रांना बांधलेली नसते. ऑस्टिनाटोच्या खरा जवळचा नातेवाईक आहे लेहरा. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर सोळा मात्रांची तीच ओळ फिरत राहते, काही वेळाने ती ऐकू येईनाशी होते, आणि तरी समेवर येताना सगळा हिशेब तिच्यावरच असतो. द्वंद्वातला ऑस्टिनाटो नेमकं हेच करतो. त्याच्या भरवशावर वरची पितळी फुंकवाद्यं (ब्रास) हवे तिथे वार करतात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा विचार केला तर फरक आणखी स्पष्ट होतो. तिथे वादक समोर बसून वाजवतात. खलनायक-नायक समोरासमोर आले आणि टाळ्या-शिट्ट्यांमुळे नटाने विराम लांबवला, तर ऑर्गनवर धरलेला स्वर हवा तेवढा लांबवता येतो. तिथे फिरती आकृती वाजत असती तर नटाला तिच्या मात्रांत येऊन पडावं लागलं असतं. चित्रपटात नट थांबत नाही, संकलक कापतो. पण प्रश्न तोच.

आकड्यांत बघू. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम चालतो. गती मिनिटाला १४४ ठोके ठेवली तर एक ठोका बरोबर १० फ्रेमचा आणि ४/४ चा, म्हणजे चार ठोक्यांचा, एक बार ४० फ्रेमचा होतो. वार दहाव्या सेकंदाला पडत असेल तर २४० फ्रेम, म्हणजे २४ ठोके, म्हणजे सहा बार पूर्ण. सातव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर तलवार पडते, सगळं जागच्या जागी. आता संकलकाने २० फ्रेम कापले. दोन ठोके गेले. खाली पेडल असेल तर स्वर थोडा आधी सोडायचा, काम संपलं. ऑस्टिनाटो असेल तर संगीतकाराला एक २/४ चा बार घालावा लागतो. १५ फ्रेम कापले तर दीड ठोका जातो आणि २२.५ ठोके उरतात: पाच बार ४/४ चे आणि एक ५/८ चा, म्हणजे अडीच ठोक्यांचा. स्कोअरमध्ये ४/४ च्या ओळीत अचानक एकटा ५/८ दिसला तर संगीतकाराच्या प्रतिभेवर निबंध लिहिण्याआधी त्या जागी चित्रात काय आहे ते बघा. बरेचदा तिथे एक कट किंवा वार असतो. मुळातच ७/८ मध्ये, म्हणजे २+२+३ अशा वजनात बांधलेला ऑस्टिनाटो ही वेगळी गोष्ट. तो पहिल्या बारपासून तसाच असतो.

कागदावर घोटाळा करणाऱ्या खुणा मोजक्याच आहेत, पण प्रत्येक जण त्यांत अडकतो. पहिली, स्वरचिन्हाच्या दांडीवरच्या तिरप्या रेघा. क्रॉचेटच्या (एका ठोक्याच्या स्वराच्या) दांडीवर एक रेघ म्हणजे दोन क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचे), दोन रेघा म्हणजे चार सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याचे). हे मोजून वाजवायचं असतं. तीन रेघा असल्या की जलद गतीत तंतुवाद्यांना बहुधा न मोजता थरथरवायचं असतं, म्हणजे ट्रेमोलो. न मोजलेला ट्रेमोलो कितीही धडधडीत वाटला तरी तो हलता पेडल आहे. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचा रोल, म्हणजे अखंड घुमवलेला आवाज, तोही तसाच. मोजलेल्या रेघा दिसल्या की मग ऑस्टिनाटोची शक्यता तपासायची.

दुसरी खूण हॉर्न आणि बसून या फुंकवाद्यांच्या ओळींत सापडते. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. म्हणून पहिला हॉर्न दोन बार धरतो, तो सोडण्याआधी दुसरा उचलतो, दोन बारांनी पुन्हा पहिला. पानावर हे दर दोन बारांनी येणाऱ्या आकृतीसारखं दिसतं, आणि नवखा वाचक आनंदाने त्याभोवती चौकट आखतो. कानाला मात्र एकच अखंड स्वर ऐकू येतो. म्हणून ओळी एकेकट्या वाचू नयेत. एका सुराच्या सगळ्या ओळी एकत्र करून मग ठरवावं.

तिसरी बाब जरा वेगळी: पेडल खालीच असतं असं नाही. व्हायोलिनवर उंच धरलेला हार्मोनिक (तार हलकेच स्पर्शून काढलेला बारीक स्वर) आणि त्याखाली फिरणारे कॉर्ड, हेही पेडलच, उलटं. बंदुकीच्या द्वंद्वात, घामाच्या थेंबाच्या क्लोज-अपवर, हे हमखास येतं.

मग जिथे दोन्ही एकाच वेळी आहेत तिथे? संगीतकार होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतला ‘मंगळ’ हा भाग त्याचा उत्तम नमुना. चित्रपटासाठी लिहिलेला नाही, पण युद्धाच्या संगीतावर त्याची सावली इतकी आहे की द्वंद्वाचा अभ्यास करणाऱ्याने तो आधी वाचावा. ५/४ चा बार: ट्रिप्लेटचे, म्हणजे एका ठोक्यात बसवलेले, तीन क्वेव्हर, मग दोन क्रॉचेट, दोन क्वेव्हर, शेवटी एक क्रॉचेट. तंतुवादक गजाच्या लाकडी बाजूने तारांवर आपटतात, टिंपनी लाकडी काठ्यांनी. लय म्हणून पाहिलं तर पक्का ऑस्टिनाटो. पण सगळे एकच स्वर वाजवतात, जी. वर हॉर्न आणि बसून ही वाद्यं जी, डी आणि मग डी फ्लॅटवर येऊन बसतात, आणि तो डी फ्लॅट खालच्या जीशी जे भांडण मांडतो ते पेडलचं आहे. इथे एकच नाव निवडायचा हट्ट धरू नये. लयीच्या रकान्यात ऑस्टिनाटो, स्वरसंगतीच्या रकान्यात पेडल, असं दोनदा लिहावं. होल्स्ट १९३४ साली वारला, त्यामुळे भारतात हा स्कोअर मुक्त आहे आणि आयएमएसएलपी या मोफत स्कोअरच्या संकेतस्थळावर मिळतो.

द्वंद्वाच्या प्रसिद्ध संगीतात संगीतकार जॉन विल्यम्सच्या १९९९ च्या, ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘ड्युएल ऑफ द फेट्स’चं नाव निघतंच. त्यातला कोरस संस्कृतात गातो. मूळ कल्पना एका जुन्या वेल्श कवितेची. संस्कृत येणाऱ्यानेही अर्थ लावायला बसू नये, अक्षरं नादासाठी मांडलेली आहेत. विश्लेषणात चूक होते ती वेगळीच: कोरसची ओळ पुन्हा येते म्हणून तिलाच ऑस्टिनाटो म्हटलं जातं. ती तर विषयवस्तू आहे, लोक घरी गुणगुणत जातात ती. ऑस्टिनाटो शोधायचा तिच्याखालच्या पळत्या आकृत्यांत.

आता ऐकण्याच्या अडचणी, कारण पेडल चुकण्याचं सर्वांत मोठं कारण कान नसून साधनं आहेत. डबल बेसचा सर्वांत खालचा ई ४१ हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. ऑस्टिनाटोचे आघात ऐकू येतात, पेडल गायब होतं, आणि मग माणूस ठामपणे सांगतो की इथे फक्त ऑस्टिनाटो आहे. कान झाकणारे हेडफोन लागतातच. नागपुरात मे महिन्यात त्यात आणखी एक भर: कूलर. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटरची घरघर ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास बसते. खालचे दोन जी आहेत ४९ आणि ९८ हर्ट्झचे. म्हणजे कूलर चालू ठेवून मंगळ ऐकला तर पेडल होल्स्टचं की खिडकीतलं, हे सांगता येणार नाही. दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर पहाटे ऐका.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचे आवाज दाबणारा) १५० हर्ट्झला लावला की काम सोपं होतं. व्हायोलाची सर्वांत खालची तार १३१ हर्ट्झची, म्हणजे तिच्या आकृत्या जवळजवळ पुसल्या जातात आणि तळ उरतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, पेडल सरळ आडव्या रेघेसारखं दिसतं, ट्रेमोलो असेल तर रेघ थोडी केसाळ. ऑस्टिनाटो ठिपक्यांच्या नक्षीसारखा. तलवारींचा खणखणाट वरच्या भागात पसरतो, त्यामुळे तळाला फारसा धक्का लागत नाही. पडण्या-आदळण्याचे धप्प आवाज मात्र फिल्टरमधून सुटतात, त्यांना बास ड्रम समजू नका.

कान आणि कागद जुळत नाहीत तेव्हा आधी प्रत तपासा. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी आणि टीव्हीवरच्या प्रती पाल पद्धतीच्या असत, म्हणजे २५ फ्रेमच्या. २४ चा चित्रपट २५ ने पळवला की गती १४४ ची १५० होते आणि स्वर अर्ध्या स्वराच्या पाऊणपटीहून जरा कमी चढतो. ई ऐकताना तो ई आणि एफच्या मध्ये कुठेतरी लागतो. दुसरं, विकत मिळणारा छापील स्कोअर बहुधा मैफिलीसाठी बांधलेला असतो. पडद्यावरच्या प्रतीत संकलकाने संगीत कापून, जोडून, कधी दुसऱ्या प्रसंगातलं आणून लावलेलं असतं. बार मोजत गेलात आणि मध्येच आठ बार हरवले, तर तुमचं मोजणं चुकलं असं लगेच धरू नका.

खुणा करताना आवाज बंद करून दृश्य एकदा बघावं आणि फक्त वेळा लिहाव्यात: नजर भिडली, हत्यार निघालं, पहिला स्पर्श, पहिली जखम, शेवटचा वार. मग चित्र न बघता ऐकावं आणि तळाचा स्वर गुणगुणत राहावं. चार बार तुमचा स्वर बदलला नाही आणि वरचे कॉर्ड बदलले, तर स्कोअरवर निळी आडवी रेघ. आकृती सापडली तर तिच्या एकाच फेरीवर लाल कंस, आणि ती कितव्या फेरीला मोडते तिथे आकडा. शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. बघायचं ते एवढंच, की निळी रेघ शेवटच्या वाराच्या आधी सुटते का वारावरच सुटते, आणि लाल फेरी पूर्ण होते की मध्येच तुटते. काही दिग्दर्शक त्या जागी संगीतच काढून टाकतात. तेव्हा शेवटची रेघ कुठे संपली ती फ्रेम तेवढी लिहून ठेवावी.